पाणीकपातीत प्रेशर वॉशरने गाडी धुणं: काटकसर की पळवाट?

निळीगाडी (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी. आमच्या भागात पाणीकपात सुरू झाली आहे. बादली-फडकं घेऊन गाडी धुवायला हरकत नाही, पण नळाला पाइप लावून धुवायची नाही, आणि प्रेशर वॉशरही त्याच पाइपच्या यादीत टाकलं आहे. कपात हवीच, त्याबद्दल दुमत नाही. पाणी आटलेलं असताना कोणी पाइप सोडून फरशी धूत बसलं की मलाही राग येतो.

माझा प्रश्न फक्त यंत्रापुरता आहे. घरगुती प्रेशर वॉशर मिनिटाला साधारण ६ ते ७ लिटर पाणी घेतं. बागेचा पाइप पूर्ण सोडला तर मिनिटाला १५ लिटर सहज जातात. शिवाय गनचा ट्रिगर सोडला की पाणी बंद. पाइप मात्र गाडीला साबण लावून होईपर्यंत जमिनीवर वाहत पडलेला असतो. प्रत्यक्ष फवारा पाच मिनिटं मारला तर ३०-३५ लिटर, म्हणजे दोन बादल्या. मग बादलीला मुभा आणि यंत्राला बंदी, हे कुठल्या हिशोबाने? कमी पाणी लागणाऱ्या यंत्राला सूट मिळायला हवी असं माझं ठाम मत आहे. तुमचं काय?

रिमझिम
रुमाल टाकून ठेवते. आमच्या इमारतीत याच विषयावरून दोन तट पडलेत.

स्पॅनर
आकडे बरोबर आहेत आणि त्यामागचं कारणही सोपं आहे. 'प्रेशर' म्हटलं की लोकांना धो धो पाणी डोळ्यासमोर येतं, पण दाब आणि पाण्याचं प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी. पंपाची ताकद म्हणजे दाब गुणिले प्रवाह. १०० बार दाबाने मिनिटाला ६ लिटर पाणी फेकायला बरोबर १००० वॉट लागतात, आणि मोटर-पंपातला तोटा धरला की दीड हजार वॉटच्या आसपासची मोटर हवी. घरच्या सॉकेटवर चालणारं यंत्र त्याच दाबाने १५ लिटर फेकूच शकत नाही, तेवढी मोटरच त्यात नसते. दाब वाढवायचा तर पाणी कमीच ठेवावं लागतं.

त्यामुळे 'यंत्र पाणी उधळतं' हा गैरसमज आहे, तेवढ्यापुरता धागाकर्त्याशी सहमत.

बादलीबहाद्दर
थांबा थांबा. तुलना कोणाशी करताय ते बघा. यंत्र विकणारे नेहमी पूर्ण सोडलेल्या पाइपशी तुलना करतात, म्हणून बचत एवढी मोठी दिसते. पण पाइपला इथे आधीच बंदी आहे! आता तुलना बादलीशी करायची. मी एका १५ लिटरच्या बादलीत आख्खी गाडी पुसतो. तुमचे ३५ लिटर त्याच्या दुपटीहून जास्त झाले. मग काटकसर कुठे राहिली?

आणि ती पाच मिनिटं... यंत्र हातात आलं की माणूस पाच मिनिटांत थांबत नाही हो. मग चाकं, मग चाकांच्या वरच्या कमानी, मग पायपुसण्या, मग 'एवढं काढलंच आहे तर' म्हणून समोरची फरशी.

निळीगाडी
@बादलीबहाद्दर, पायपुसण्या आणि फरशीचा मुद्दा मान्य, तिथे मोह होतो खरा. पण एका बादलीत आख्खी गाडी? चिखल असताना?

गारगोटी
एक बादलीवाल्यांसाठी रंगाच्या बाजूने लिहितो, गाड्यांचं पॉलिशिंग हे माझं रोजचं काम आहे.

गाडीच्या रंगावर सगळ्यात वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट, तो साधारण ४० ते ५० मायक्रॉन जाडीचा असतो. माणसाच्या केसाहून बारीक. धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या थरापेक्षा कितीतरी कडक. एकच बादली, एकच फडकं, तेच तेच बुडवून पुसत राहिलं की दुसऱ्या दारापर्यंत फडक्यात वाळू जमलेली असते. उन्हात बॉनेटकडे तिरकं बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसतात, ते असेच पडतात. माझ्याकडे पॉलिशला येणाऱ्या बहुतेक गाड्यांवरचे ओरखडे रोजच्या पुसण्याने आलेले असतात, अपघाताने नव्हे.

प्रेशर वॉशरचा खरा उपयोग इथे आहे. हात लागायच्या आधी खरबरीत घाण निघून जाते. त्यामुळे यंत्र म्हणजे चैन, हेही सरसकट म्हणू नका. फक्त सगळी धुलाई त्याने करायची गरज नाही. खालच्या बाजूला, चाकांपाशी, जिथे चिखल आहे तिथे दीड-दोन मिनिटं. बाकीची गाडी दोन बादल्यांनी: एकीत शाम्पू, दुसरीत साधं पाणी, फडकं आधी साध्या पाण्यात खळबळायचं आणि मगच शाम्पूत बुडवायचं. दोन्ही बादल्या निम्म्याच भरल्या तरी पुरतात.

रिमझिम
@गारगोटी, फार उपयोगी प्रतिसाद. आमच्याकडे सकाळी कोरड्या फडक्याने धूळ झटकतात, त्याचंही असंच होत असेल ना?

गारगोटी
त्याहून वाईट. कोरडं फडकं अजिबात नको. निदान ओलं तरी करा.

ध्रुवतारा
मला हा सगळा हिशोबच पटत नाही. लोक पिण्याच्या पाण्यासाठी रांगेत उभे असताना गाडी चकचकीत हवीच कशाला? धूळ बसली म्हणून गाडी चालायची थांबते का? काच आणि दिवे पुसा, नंबरप्लेट दिसू द्या, बाकी पाऊस येईल तेव्हा बघू. १५ लिटर की ३५ लिटर यावर वाद घालायची वेळ यावी याचंच वाईट वाटतं.

कातळ
@ध्रुवतारा, तुमची कळकळ समजते. पण मी भाड्याने गाडी चालवतो. मळकी गाडी घेऊन गेलो तर प्रवासी पहिला शेरा त्यावरच मारतात आणि पुढचं भाडं बुडतं. माझ्यासारख्याला 'पाऊस येईल तेव्हा बघू' परवडत नाही. नियम करणाऱ्यांनी हौशी आणि पोटासाठी धुणारे यांत फरक करावा, एवढंच म्हणणं आहे.

ध्रुवतारा
@कातळ, तुमचं बरोबर आहे. माझा रोख सुट्टीच्या दिवशी तासभर फवारा मारणाऱ्यांवर होता.

पाणवठा
धागाकर्त्याचा प्रश्न 'यंत्राला सूट का नाही' असा आहे, म्हणून नियम कसे लिहिले जातात ते सांगतो.

इंग्लंड-वेल्समध्ये १९९१ च्या वॉटर इंडस्ट्री ॲक्टचं कलम ७६ आहे, ते २०१० मध्ये बदललं. त्यानुसार टंचाईच्या काळात पाणी कंपनीला पाइपवर तात्पुरती बंदी घालता येते, आणि त्या यादीत पाइपने खासगी गाडी धुणं स्पष्ट लिहिलेलं आहे. पाइपचं काम करण्यासाठी बनवलेली किंवा वापरलेली कुठलीही वस्तू 'पाइप'च धरली जाते, म्हणजे नळाला जोडलेलं प्रेशर वॉशर त्यात आपोआप आलं. पण खरी मेख पुढे आहे. नळाच्या पाण्याने पिंप भरून ठेवलं आणि मग त्या पिंपातून पाइपने पाणी ओढून वापरलं, तरी तो पाइपचाच वापर. 'मी नळाला जोडलंच नाही, पिंपाला जोडलं' ही पळवाट कायद्याने आधीच बुजवून टाकली आहे. बादलीत नळाचं पाणी घेऊन हाताने धुतलं तर चालतं. आणि स्वतः साठवलेलं पावसाचं पाणी असेल तर ते कंपनीने पुरवलेलं नव्हे, त्यामुळे त्याला ही बंदी लागू होत नाही.

म्हणजे तिथला नियम दोनच गोष्टी विचारतो: पाणी कुठलं, आणि ते गाडीपर्यंत पोचलं कसं. लिटर कोणी मोजत नाही.

निळीगाडी
@पाणवठा, धन्यवाद, पिंपाचं कलम माहीत नव्हतं. पण माझा आक्षेप अजून तिथेच आहे. लिटर का मोजत नाहीत? पाणी वाचवणं हाच हेतू असेल तर लिटरच मोजायला हवेत.

टिकाव
कारण मोजता येत नाहीत! मी पाणीपुरवठ्याच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. कपातीचा नियम रस्त्यावरून जाताना दिसेल असाच असावा लागतो. दारात पाइप दिसला की नियम मोडला, बादली दिसली की नाही. यंत्र मिनिटाला ६ लिटर घेतंय की १२, आतला नोझल झिजलाय का, तुम्ही पाच मिनिटं चालवलं की पंचवीस, हे तपासायला माणूस कुठून आणणार? एका घराला 'कमी पाण्याचं यंत्र' म्हणून सूट दिली की शेजारचा साधा पाइप घेऊन उभा राहतो आणि म्हणतो, त्यांना चालतं तर मला का नाही.

दुसरी गोष्ट. बादली उचलायला कष्ट पडतात. चौथी बादली आणायची वेळ आली की माणूस स्वतःच थांबतो. यंत्राला दमणं नाही. नियम करणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

साळुंकी
टिकाव यांना +१.

केपटाऊनचं उदाहरण बघा. २०१८ च्या फेब्रुवारीत तिथे निर्बंध एवढे कडक झाले की माणशी दिवसाला ५० लिटर, त्यातच आंघोळ, स्वयंपाक, धुणं, संडास सगळं. महापालिकेच्या पिण्याच्या पाण्याने गाडी धुवायला पूर्ण बंदी, मग ती बादलीने असो नाहीतर यंत्राने. धुवायचीच तर न पिण्याजोग्या पाण्याने किंवा बिनपाण्याच्या उत्पादनांनी. आता ५० लिटरशेजारी धागाकर्त्याचे ३५ लिटर ठेवून पाहा. एका माणसाचं दिवसाचं दोन तृतीयांशाहून जास्त पाणी एका गाडीवर. टंचाई किती तीव्र आहे त्यावर उत्तर ठरतं. कपात हलकी असेल तर ३५ लिटरवर चर्चा होऊ शकते, तिथल्यासारखी वेळ आली तर नाही.

बंगळुरूतही २०२४ च्या मार्चमध्ये पिण्याचं पाणी गाडी धुण्यासाठी वापरायला बंदी केली होती. तिथेही भर साधनावर नव्हता, पाण्यावर होता.

बादलीबहाद्दर
हेच म्हणतो मी कधीचा. यंत्र गुन्हेगार नाही आणि संतही नाही. पाणी कुठलं ते सांगा.

निळीगाडी
५० लिटरशेजारी ठेवल्यावर माझे ३५ वेगळे दिसतात हे खरं. मग प्रश्न असा करतो: गच्चीवरून उतरणारं पावसाचं पाणी २०० लिटरच्या पिंपात साठवलेलं आहे. नळाशी काही संबंध नाही. त्यावर यंत्र चालेल का? माझ्या यंत्राला नळाचा दाब लागतो की ते स्वतः पाणी ओढून घेतं, हे कसं कळणार?

स्पॅनर
माहितीपुस्तिकेत 'सेल्फ प्रायमिंग' किंवा 'सक्शन' असं काही लिहिलंय का बघ. बरीच घरगुती यंत्रं साधारण अर्ध्या मीटरपर्यंत खालून पाणी ओढतात, त्याहून खोल नाही. म्हणून पिंप शक्य तितकं उंचावर, विटांवर किंवा चौथऱ्यावर ठेव. पाणी उताराने यंत्रात आलं तर उत्तमच.

पद्धत अशी: ओढायचा पाइप जाड आणि आखूड घे, बागेचा मऊ पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो. त्याच्या टोकाला गाळणी हवीच, पिंपाच्या तळाचा गाळ आत गेला तर पंपाच्या झडपा खराब होतात. टोक तळापासून वीतभर वर ठेव. सुरू करण्याआधी तो पाइप पाण्यात बुडवून पूर्ण भरून घे. गनला पुढची नळी न लावता ट्रिगर दाबून ठेव, हवेचे बुडबुडे येणं थांबलं आणि सलग धार आली की नळी लाव. पंप कोरडा अजिबात चालवू नकोस. आत हवा राहिली तर आवाज खडखडाटी येतो आणि दाब वरखाली होतो, लगेच बंद कर.

आणि साबण लावताना मोटर बंदच ठेव. ट्रिगर सोडला की काही यंत्रं आपोआप थांबतात, पण काहींत मोटर चालूच राहते आणि तेच पाणी पंपात फिरून तापतं.

हळदुली
पाणी मोजायचं असेल तर एक सोपा उपाय. यंत्राचा ओढायचा पाइप १५ लिटरच्या बादलीत सोडा, ट्रिगर दाबा आणि घड्याळ लावा. बादलीत थोडं पाणी उरलेलं असतानाच थांबायचं. किती लिटर किती सेकंदांत गेले ते कळलं की भागाकार करा. आमच्या यंत्राच्या खोक्यावरचा आकडा आणि असा मोजलेला आकडा यांत चांगलाच फरक निघाला. नोझल बदलला की आकडा पुन्हा बदलतो.

रिमझिम
अवांतर: कपडे धुतलेलं किंवा आंघोळीचं पाणी यंत्रातून मारता येईल का? तेही वायाच जातं ना.

टिकाव
नको. त्या पाण्यात केस, धागे, साबणाचा फेस असतो, गाळणी लगेच तुंबते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे उच्च दाबाने त्याचं बारीक तुषारांत रूपांतर होतं आणि ते श्वासातून आत जातं. मळक्या पाण्यातले जंतू थेट फुप्फुसात कशाला न्यायचे? तेच पाणी बादलीने चाकांवर आणि कमानींवर ओता, काही बिघडत नाही. रंगावर मात्र नको.

साठवलेलं पावसाचं पाणीही झाकून, सावलीत ठेवा. कोमट, साचलेल्या पाण्यात लिजिओनेलासारखे जिवाणू वाढतात आणि तेही तुषारांतूनच पसरतात. काम झालं की पाइपमधलं उरलेलं पाणी काढून टाका. पिंपावर जाळी नसेल तर डासही होतात, ते वेगळंच.

साळुंकी
एसीच्या नळीतून टपकणारं पाणीही साठवा. हवेतली वाफ थंड होऊन तयार झालेलं असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. शेवटचा हात त्या पाण्याने फिरवला तर काळ्या गाडीवरसुद्धा पांढरे डाग पडत नाहीत. याउलट आरओ फिल्टर जे पाणी बाहेर टाकतो त्यात मूळ पाण्यापेक्षा क्षार जास्त असतात. ते चिखल काढायला वापरा, पण रंगावर उन्हात वाळू देऊ नका.

गारगोटी
सहमत. त्यात एक भर. ज्यांच्याकडे पिंप नाही आणि गाडी फक्त धुळकट आहे, त्यांनी 'रिन्सलेस' द्रावण बघा. ८-१० लिटर पाण्यात झाकणभर टाकायचं, मऊ मायक्रोफायबर त्यात भिजवून एकेक भाग पुसायचा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या मायक्रोफायबरने टिपून घ्यायचा. नंतर पाणी मारायची गरजच नाही. फडक्याला घड्या घालून प्रत्येक भागाला नवी बाजू वापरायची, वापरलेली बाजू परत बादलीत बुडवायची नाही. कातळ, तुमच्यासाठी हाच उपाय योग्य, रोज केलं तरी एका बादलीच्या आत काम होतं. चिखलाच्या गाडीवर मात्र हे करू नका, आधी चिखल भिजवून उतरवा.

आणि पक्ष्याची विष्ठा दिसली तर धुण्याच्या दिवसाची वाट बघू नका. ओलं फडकं दोन मिनिटं वर ठेवून भिजू द्या आणि उचलून घ्या, रगडू नका. उन्हात राहिली तर क्लिअर कोटवर कायमचा डाग पडतो.

कातळ
@गारगोटी, मनापासून आभार. वाचनखूण साठवली.

शिंपला
समुद्राकाठी राहणाऱ्यांचं वेगळं दुखणं आहे. खारी हवा गाडीच्या पोटाखाली बसते आणि तिथे फडकं पोचत नाही. तिथे फवाऱ्याशिवाय इलाज नाही. कपातीतसुद्धा अधूनमधून पोट धुवावंच लागतं, नाहीतर पत्रा गंजतो. एकदा गंज धरला की वेळीच लक्ष दिलं नाही तर तो पसरत जातो. अशा वेळी पाणी पुन्हा वापरणाऱ्या व्यावसायिक धुलाई केंद्रात जाणं मला योग्य वाटतं. तिथे वापरलेलं पाणी टाकीत जमा होतं, गाळ बसतो, तेल वेगळं होतं आणि तेच पाणी पुढच्या गाडीच्या पहिल्या फवाऱ्याला येतं. जाण्याआधी खरंच पाणी फिरवतात का, हे विचारून घ्या.

पाणवठा
@शिंपला, चांगला मुद्दा. घरी धुतलेलं साबण-तेलाचं पाणी बहुतेक ठिकाणी पावसाळी गटारातून तसंच नदी-नाल्यात जातं, हेही लोक विसरतात.

निळीगाडी
सगळ्यांचे आभार. टिकाव यांचा 'नियम दिसणारा असावा लागतो' हा मुद्दा पटला. नळाच्या पाण्यावर यंत्राला सूट मागायचं मी आता सोडून देतो. पण पावसाच्या पाण्यावर यंत्र वापरणाऱ्याला अडवू नये, हे मत कायम आहे, आणि नियमातही ते स्पष्ट लिहिलेलं असावं. नाहीतर शेजारीपाजारी उगाच भांडणं होतात. पिंपावर 'पावसाचं पाणी' अशी पाटी लावणार आहे, म्हणजे कोणाला शंका नको.

तोवर गारगोटी सांगतात तसं: चिखलाला पिंपातलं पाणी आणि यंत्र, बाकी बादली. नोझल कोणता वापरू तेवढं सांगा.

स्पॅनर
गाडीला ४० अंशांचा पसरट फवारा, बहुतेक संचांत त्याचं टोक पांढरं असतं. चिखलाच्या कमानींना २५ अंशांचा हिरवा चालेल. लाल, म्हणजे शून्य अंशांचा, गाडीच्या जवळही आणू नकोस. रंगापासून आणि टायरपासून फूटभर तरी लांब धर, टायरच्या बाजूवर जवळून मारलं तर आतून इजा होते आणि बाहेरून दिसत नाही. दारांची रबरं, पार्किंगचे सेन्सर, रेडिएटरच्या जाळ्या आणि जिथे पुन्हा रंग मारलेला आहे किंवा पोपडा सुटलेला आहे तिथे थेट फवारा नको.

रिमझिम
आणि पिंपातलं पाणी संपल्यावर? यंत्र तसंच पडून राहिलं तर बिघडतं का?

स्पॅनर
तसंच पाणी आत राहिलं तर बिघडतं. आधी पाइप काढा, मग काही सेकंद ट्रिगर दाबून आतलं पाणी बाहेर काढा आणि बंद करा. तेवढे सेकंद चालतं, जास्त नको. गोठणारी थंडी पडत असेल तिथे यंत्र घरातच ठेवा, आत राहिलेलं पाणी गोठून फुगलं की पंपाला तडा जातो. गाळणी धुऊन वाळवून परत बसवा.